सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न येथे २० जून १८६१ रोजी हॉपकिन्स यांचा जन्म झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. मात्र वडिलांच्या सूक्ष्मदर्शकाने या एकाकी मुलाला जो छंद लावला तो आजन्म सुटला नाही. सतराव्या वर्षी शाळा संपली आणि विमा कंपनीच्या कचेरीत काही महिने कारकुनी करावी लागली. पुढे रसायनशास्त्र शिकून ते लंडनला गाय्ज रुग्णालयात, सरकारचे विषतज्ज्ञ टॉमस स्टीव्हन्सन यांचे साहाय्यक झाले. सोमलासारखे विष मृताच्या देहातून हुडकून काढावयाचे, हे तेथले काम. वैद्यकीची पदवी मिळाली तेव्हा त्यांची तिशी उलटली होती.

१८९८ पासून त्यांची कर्मभूमी केंब्रिज. १९१२ मध्ये त्यांनी अन्नातील सूक्ष्म पोषक द्रव्यांविषयी, म्हणजेच जीवनसत्त्वांविषयी, केलेले संशोधन सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक मोलाची वाटते ती ग्लुटाथायोनची कथा. यीस्टमधून हे गंधकयुक्त द्रव्य त्यांनी १९२१ मध्ये वेगळे केले आणि ते दोन ॲमिनो आम्लांचे बनले आहे असे जाहीर केले. १९२७ मध्ये इतर संशोधकांनी त्यावर शंका घेतली. हॉपकिन्स तोवर ‘सर’ झालेले, कीर्तीच्या शिखरावर. तरीही त्यांनी सारे प्रयोग पुन्हा आरंभिले आणि १९२९ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, घटक दोन नसून तीन आहेत, तिसरा ग्लायसीन आपल्याकडून निसटला होता, हे स्वतःच प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते जीवनसत्त्वांसाठी!

इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) त्यांच्याच संस्थेत वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर संशोधन करून १९३९ मध्ये पीएच. डी. झाल्या.

१६ मे १९४७ रोजी हॉपकिन्स निवर्तले. कॅडमियमसारखे जड धातू मुळांवाटे झाडात शिरले की पेशीत ऑक्सिडीकरणाचा अतिरेक होतो. त्याला आळा घालणाऱ्या द्रव्यांत ‘क’ जीवनसत्त्वाप्रमाणेच ग्लुटाथायोनही प्रमुख आहे. पण त्याचे कार्य एवढ्यावर थांबत नाही. १९८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना आपल्या परिचयाच्या सर्पगंधेच्या पेशींत असे आढळले की, कॅडमियमची चाहूल लागताच वनस्पती ग्लुटाथायोनचेच तुकडे जोडून लांब साखळ्या गुंफते. त्यांतील गंधक धातूला धरून ठेवतो, आणि बांधलेले ते विष पेशीच्या रिक्तिकेत कोंडले जाते.