गोंदेड्याची गुंफा

चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरच्या आसमंतात गोंदेडा नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील रानात एक गुंफा आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक पोरसवदा साधक या गुंफेत ध्यानाला बसत असे. त्या काळी ते रान वाघा-अस्वलांचे होते. ताडोबाचे अरण्य आजही तेथून फारसे दूर नाही.

या मुलाचे नाव माणिक. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे, शिवणकाम करणाऱ्या बंडोजींच्या गरीब घरी, ३० एप्रिल १९०९ रोजी त्याचा जन्म झाला. शाळेपेक्षा भजनात त्याचे मन अधिक रमे. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्याने गुरू केले. त्यांनीच त्याला तुकड्या हे नाव दिले. पुढे कोवळ्या वयातच त्याने घर सोडले आणि रामटेक, सालबर्डी व चिमूरकडील रानांत तो एकटा हिंडू लागला. आई मंजुळा हिच्या जिवाची तेव्हा काय अवस्था झाली असेल!

भूक, थंडी आणि एकांत सोसून मन स्थिर झाले खरे. पण गुंफेतील शांती किती टिकाऊ आहे, हे गुंफेत बसून कळत नाही. तुकडोजी खंजिरी घेऊन गावोगाव फिरू लागले. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. दारू सोडा, अस्पृश्यता टाका, गाव स्वच्छ ठेवा, असे ते भजनांतून सांगत. सवयी मोडावयास सांगणाऱ्याचे सर्वच ऐकतात असे नाही. तरी ते थांबले नाहीत.

१९४२ साली खरी कसोटी आली. १६ ऑगस्ट रोजी चिमूरला मोर्चावर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण धारातीर्थी पडला आणि क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर सैन्याने गावावर अनन्वित अत्याचार केले. लोकांना जागे करणारी भजने सरकारच्या डोळ्यांत सलत होतीच. त्याच महिन्यात तुकडोजींना अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. एकांताची सवय त्यांना रानातच जडली होती. डिसेंबरात सुटका होताच त्यांनी पुन्हा खंजिरी उचलली.

पुढे त्यांनी ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली व ती ग्रामदेवतेला अर्पण केली. तीत शेती, सफाई, शिक्षण, ग्रामोद्योग असे साऱ्या खेड्याचेच विषय आहेत. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांनी देह ठेवला. गोंदेड्याची ती गुंफा पाहावयास भाविक अजूनही रानवाटेने जातात.