संत जोसेफ वाझ : बंधुसंघाचे आत्मसंयमी प्रमुख

१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ ह्यांचा सण. गोमंतकात जन्मलेले आणि श्रीलंकेचे प्रेषित म्हणून गौरविले गेलेले हे धर्मगुरू आपल्या भाविकांना मिशनरी म्हणून परिचित आहेत. त्यांच्या जीवनाच्या दुसऱ्या एका बाजूची मात्र फारशी चर्चा होत नाही. ते धर्मगुरूंच्या एका बंधुसंघाचे प्रमुख होते आणि त्या संघात आज्ञापालनाचे व्रत कोणीही घेत नसे. जेथे सक्ती करता येत नाही, तेथे नेतृत्व कशाच्या बळावर करावयाचे? धर्मग्रामातील लहानमोठी मंडळे चालविणाऱ्या आपल्या बंधुभगिनींसमोर हा प्रश्न नित्य उभा असतो. म्हणून ह्या सणाच्या निमित्ताने आम्ही संतांच्या जीवनाकडे त्या दृष्टीने पाहू इच्छितो.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आईच्या माहेरी झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. गोव्यात शिक्षण पूर्ण करून १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गुरुदीक्षेनंतर त्यांनी पायांतील जोडे सोडले आणि गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्यास सुरुवात केली. १६७७ साली त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी अर्पण केले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः होऊन स्वतःवर घातलेले हे बंधन होते. त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली ह्या कृतीत आहे, असे आम्हांस वाटते.

१६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगिजांना सिलोनमधून पूर्णपणे हुसकावून लावले होते आणि कॅथोलिक धर्मगुरूंना तेथे बंदी केली होती. मेंढपाळाविना राहिलेल्या त्या कळपाची वार्ता तरुण फादर वाझ ह्यांच्या मनात घर करून राहिली. तेथे जाण्याची इच्छा त्यांनी वरिष्ठांना कळविली. पण वरिष्ठांनी १६८१ साली त्यांना पाठविले कानडा प्रांतात. आपली इच्छा बाजूस ठेवून त्यांनी तेथे सुमारे तीन वर्षे मन लावून सेवा केली आणि १६८४ साली ते गोव्यास परतले.

त्या काळी युरोपियन व्रतस्थ संघांची दारे गोमंतकीय धर्मगुरूंना बहुधा बंदच होती. अशा काही एतद्देशीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या देवळाजवळ एकत्र राहण्यास आरंभ केला होता. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लवकरच त्यांची प्रमुखपदी निवड झाली. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी ह्यांनी रोम येथे ऑरेटरी स्थापन केली होती. तिच्या धर्तीवर ह्या समूहाला नियमबद्ध रूप मिळाले. ऑरेटरीचे धर्मगुरू व्रते घेत नाहीत. एकमेकांवरील प्रेम, सामुदायिक प्रार्थना आणि एकत्र जीवन ह्यांनीच ते बांधलेले असतात. ज्याला राहावयाचे नाही, तो निघून जाऊ शकतो. अशा घरात प्रमुखाने इतरांना नियम शिकवावयाचा, तर तो प्रथम स्वतः पाळूनच!

ह्या संस्थेची एक उणीवही प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. पूर्वाश्रमीच्या ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती घराण्यांचे धर्मगुरूच तीत घेतले जात. परकीयांनी केलेल्या भेदभावाला उत्तर म्हणून उभे राहिलेले घरही जातीच्या भिंतीतून मुक्त नव्हते. संतांच्या घराविषयी हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. पण आपापल्या मंडळांत आपण कोणासाठी दार उघडतो आणि कोणासाठी लोटून घेतो, हे तपासावयाचे असेल, तर हा संकोच उपकारकच आहे.

प्रमुखपद लाभून फार काळ लोटला नाही तोच, १६८६ साली फादर वाझ ह्यांनी ते दुसऱ्यांच्या हाती सोपवून गोवा सोडला. जॉन नावाचा एक तरुण सोबती त्यांच्याबरोबर होता. १६८७ साली मजुराच्या वेषात ते जाफना प्रांती पोहोचले. पोहोचताच जुलाबाच्या आजाराने त्यांना मरणाच्या दारी नेले. बरे होताच गळ्यात जपमाळ घालून ते भिक्षेकऱ्यासारखे दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून कोणाचे डोळे पाणावतात, ह्यावरून ते लपलेले कॅथोलिक घर ओळखीत. रात्री गुप्तपणे मिस्सा होई, पापनिवेदन होई. सिल्लालै गावातील भाविकांनी त्यांना आसरा दिला. १६९२ साली ते कॅंडीच्या स्वतंत्र राज्यात गेले असता, पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. कैदेतही त्यांनी प्रार्थना सोडली नाही. उलट सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याचा विश्वास त्यांनी संपादन केला.

प्रमुखाविना गोव्यातील घर कोसळले नाही. दहा वर्षांच्या एकाकी सेवेनंतर तेथील बंधू त्यांच्या मदतीला येऊन मिळाले. १६९७ साली कॅंडीत देवीची साथ आली. राजा आणि धडधाकट माणसे शहर सोडून गेली. रुग्णांना रानावनात टाकून देण्यात आले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो ह्यांनी टाकून दिलेल्यांसाठी निवारा उभारला, त्यांना अन्न भरविले, जखमा धुतल्या आणि मृतांना मूठमाती दिली. रुग्ण कॅथोलिक की बौद्ध, हा विचार त्यांनी केला नाही. मिशनचा वरिष्ठ स्वतः रुग्णाची घाण उपसतो, तेव्हा त्याच्या सोबत्यांना निराळी आज्ञा द्यावी लागत नाही.

पुढे पोपमहाशयांचे प्रतिनिधी तुर्नों ह्यांनी त्यांना बिशपपदाच्या योग्यतेचे मानले. परंतु त्यांनी ते पद नम्रपणे नाकारले. १७०५ साली दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस आले. सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथरचना करण्याचे त्यांचे सामर्थ्य फादर वाझ ह्यांनी जाणले आणि त्यास पूर्ण वाव दिला. आपल्यापेक्षा अधिक विद्वान सोबत्याला पुढे करणे, हाही आत्मसंयमच होय. १६ जानेवारी १७११ रोजी कॅंडी येथे त्यांनी देह ठेवला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे, म्हणजे १८३५ साली पोर्तुगीज सरकारने व्रतस्थ संघांबरोबर ऑरेटरीही बंद करेपर्यंत, ते घर श्रीलंकेची काळजी वाहत राहिले. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

आपल्या मंडळांकडे पाहताना आम्हांला अनेकदा खंत वाटते. अध्यक्ष बदलला की काम थांबते. पद गेले की माणूस सभेस येईनासा होतो. आम्ही धर्मगुरूही ह्या मोहापासून मुक्त नाही. बदलीनंतर मागल्या धर्मग्रामातील कामे आपल्याविना कशी चालतील, ह्या चिंतेत सेवेपेक्षा अहंकारच अधिक असतो. संत जोसेफ वाझ ह्यांनी पद सोडले, प्रार्थना सोडली नाही. घर सोडले, बंधुत्व सोडले नाही. पुढील सभेत मंडळाच्या सभासदांकडून अपेक्षा व्यक्त करण्यापूर्वी, ती आपण स्वतः किती पाळतो, हे प्रत्येक पदाधिकाऱ्याने पवित्र साक्रामेंतासमोर क्षणभर बसून स्वतःस विचारावे. संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.