विद्येचे ऋण आणि रुपयाचा भाव

गरीब विद्यार्थ्याला कर्ज देऊ इच्छिणाऱ्या सावकारापुढे एक अडचण असते. शेतकरी जमीन गहाण ठेवतो, व्यापारी माल ठेवतो. विद्यार्थ्याजवळ मात्र अद्याप न मिळवलेल्या विद्येखेरीज तारण म्हणून काहीच नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रघात नाही. त्यांची ज्ञानलालसा सर्वश्रुत आहे. ती विद्या कोणाच्या पैशाने, कोणत्या अटींवर आणि किती कर्ज अंगावर घेऊन मिळाली, हा तपशील जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही.

आरंभीचा सावकार घरातलाच होता. रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झालेले. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार. मुलासाठी पुस्तक घ्यायचे आणि हातात पैसा नसला की ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन मिळाले की तो सोडवून आणीत. हे कर्ज अल्प मुदतीचे, आणि फेडीचा दिवस आधीच ठाऊक असलेले होते. महाविद्यालयाचा चार वर्षांचा खर्च अशा उसनवारीत बसणारा नव्हता. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी मध्ये पडले आणि सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण तिच्यावर पार पडले.

१९१३ साली बडोदा सरकारने त्यांना अमेरिकेस पाठविले ते वेगळ्या अटीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्यात व्याज नव्हते, पण तारण होते आणि ते तारण म्हणजे विद्यार्थी स्वतःच. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकताना या रकमेतूनच घरी पैसे पाठवायचे असत. त्यामुळे पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले, आणि तरीही जुन्या पुस्तकांचा मोठा संग्रह केला. १९१५ साली एम. ए. झाले. पुढे १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्राचा व बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धवट टाकून परतावे लागले.

आता करार पुरा करण्याची वेळ आली. बडोद्यास जायला प्रवासखर्च नव्हता. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते युद्धात बुडाले होते; त्याची भरपाई म्हणून मिळालेल्या पैशांतून हा प्रवास झाला. नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून एका पारशी पथिकाश्रमात दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. ओळख उघडी पडताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि मुंबईची गाडी धरणे भाग पडले. ऋणको करार पाळण्यास तयार होता; ज्या शहरात तो पाळायचा त्या शहराने त्याला छप्पर नाकारले. मानवी भांडवलात गुंतवणूक कशी करावी हे सांगणाऱ्या ग्रंथांत कर्ज बुडण्याची नाना कारणे दिलेली असतात. जात हे कारण क्वचितच आढळते.

लंडनचा अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची परवानगी हातात होती. नवे बंधपत्र मात्र त्यांनी लिहून दिले नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळाली, वेतन दरमहा ४५० रुपये. चाळीतले राहणे सोडले नाही. रमाबाईंच्या हाती ठरावीक रक्कम देऊन उरलेली शिल्लक टाकली. या काटकसरीचा अर्धा भार त्या माउलीने वाहिला, ही गोष्ट ताळेबंदात कोठेही लिहिलेली नसते. १९२० साली ही शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले. कर्ज सर्वांत शेवटी घेतले, आणि तेही मित्राचे.

येथे रुपयाने दगा दिला. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंग दहा पेन्सपर्यंत चढला होता. १९२१ साली तो एक शिलिंग तीन पेन्सच्या आसपास घसरला. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने पाचशे पौंड होतात. सव्वा शिलिंगाच्या दराने सव्वातीनशेही भरत नाहीत. फी पौंडांत, पुंजी रुपयांत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस घालवायचा आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे, अशा विद्यार्थ्याजवळ कापण्यासारखा आणखी खर्च तरी कोणता होता? १९२१ च्या सप्टेंबरात हुंडणावळीच्या या घसरगुंडीमुळे त्यांना शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागावे लागले. डी. एस्‌सी.साठी ते जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. चलनाच्या अस्थिरतेची झळ इतक्या जवळून सोसलेला संशोधक विरळा.

पैसा संपत आला तसे १९२३ च्या एप्रिलमध्ये ते परतले; परीक्षकांनी सुचविलेल्या दुरुस्त्या त्यांनी मुंबईत बसून केल्या आणि वर्षअखेर पदवी मिळाली. बॅरिस्टर होऊनही वकिलीची सनद काढण्यास पैसे नव्हते, तेव्हा पुन्हा भथेनाच धावून आले. रुपयावरील ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. १९२५ सालचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल सयाजीरावांना.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारकडे दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, तो कर्ज म्हणून नव्हे. वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. परतफेड नाही, दहा वर्षांची नोकरी नाही. राजाची मर्जी किंवा मित्राचे औदार्य यांवर अवलंबून असलेली गोष्ट अर्थसंकल्पातील एक बाब बनली. १९४६ मध्ये मुंबईत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. कारकुनी करणाऱ्या मुलाला तास आटोपून कचेरी गाठता येई, आणि फी आपल्याच पगारातून भरता येई.