परमुलखातील धन्वंतरी : डॉ. रखमाबाई

काशीच्या घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी माणसाला परमुलूख म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. विद्येसाठी, यात्रेसाठी वा चाकरीसाठी घर सोडून आलेल्यांनी येथे आपले स्थान सेवेने मिळविले. अशाच परमुलखात, गुजरातेत, सुमारे साडेतीन दशके रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रखमाबाईंचे स्मरण म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी उचित वाटते.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईस झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच निवर्तले. पुढे मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विद्येची गोडी रखमाबाईंना या सावत्र वडिलांच्या घरी लागली.

वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मात्र त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. 1884 मध्ये दादाजींनी न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी नांदावयास जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम केला. अजाणत्या वयात, संमतीवाचून झालेले लग्न मान्य करण्यापेक्षा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या प्रकरणाने उठलेल्या वादळाचा 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागील चळवळीस मोठा हातभार लागला.

एवढ्या लोकापवादानंतर एखादी व्यक्ती खचून गेली असती. रखमाबाईंनी मात्र वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. सहाय्यकर्त्यांत इंदूरचे शिवाजीराव होळकरही होते. त्यांनी पाचशे रुपये दिले. ज्या घराण्यातील अहिल्याबाईंनी काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, त्याच घराण्याचे हे दान होय. 1889 मध्ये रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि पदवी संपादन करून स्वदेशी परतल्या.

1895 च्या सुमारास त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. त्या काळी बाळंतपणासाठी रुग्णालयात जाणे स्त्रियांना भयावह वाटे. प्रारंभी कोणी येईना, तेव्हा त्यांनी एका गाभण मेंढीस दाखल करून तिची सुखरूप सुटका केली आणि मग बायाबापड्यांचा विश्वास बसला, अशी आख्यायिका सांगतात. प्रसूती, बालसंगोपन, स्वच्छता या गोष्टी समजावीत, प्लेगच्या दिवसांतही त्या रुग्णांच्या पाठीशी राहिल्या. 1918 च्या सुमारास सरकारी महिला वैद्यकीय सेवेतील पद नाकारून त्यांनी राजकोट येथील स्त्री-रुग्णालयात काम स्वीकारले व 1929 च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तेथेच सेवा केली. सरकारने कैसर-ई-हिंद पदक देऊन त्यांचा गौरव केला. निवृत्तीनंतरही पडदापद्धतीविरुद्ध त्यांनी लेखणी चालविली.

1904 मध्ये दादाजी वारल्यावर, ज्यांचे पतित्व आपण न्यायालयात नाकारले त्यांच्यासाठी रखमाबाईंनी वैधव्याची पांढरी वस्त्रे धारण केली. त्यांच्या मनाचा हा पैलू आजही विचारात पाडणारा आहे. दुसरा विवाह त्यांनी केला नाही. 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

खटल्याची चार वर्षे इतिहासाने जपून ठेवली. रुग्णशय्येपाशी गेलेल्या पस्तीस वर्षांची आठवण तितकीशी राहिली नाही. सुरत-राजकोटच्या ज्या मातांनी त्यांच्या हाती आपला जीव सोपविला, त्यांना डॉक्टरीणबाईंचा प्रांत कोणता, भाषा कोणती, याची चौकशी करावीशी वाटली नसेल. परक्या गावास आपले गाव करणाऱ्या या थोर महाराष्ट्रकन्येस आमचे विनम्र अभिवादन.