पुणतांब्याचे अण्णा आणि गोव्याचा ट्रम्पेट

आमच्या गल्लीतून वरात निघाली की बँडवाला एक चाल हमखास वाजवायचा. सोलापूरचा उन्हाळा, अंगात लाल कोट, घामाने निथळलेला तो माणूस गाल फुगवून ट्रम्पेट फुंकू लागला की आम्ही पोरे बेभान होत असू. गाणे ‘आशा’ चित्रपटातले, ‘ईना मीना डिका’. गिरणीत कारकून असलेले आमचे वडील मात्र उठून खिडकी लावून घेत. हा धांगडधिंगा म्हणजे संगीत नव्हे, हे त्यांचे ठाम मत. हेच वडील पंधरा ऑगस्टला शाळेच्या कर्ण्यावर कवी प्रदीपांचे हुतात्म्यांचे गीत लागले की धोतराच्या सोग्याने डोळे टिपत. दोन्ही चाली एकाच माणसाच्या होत्या, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते.

तो माणूस रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. चित्रपटसृष्टीचे अण्णा. १२ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला तो पुणतांब्याला, आता शिर्डीची रेल्वे जिथून फुटते तिथे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पण ओढ होती पडद्याची. ‘नागानंद’ या चित्रपटात ते चक्क नायक झाले. चित्रपट पडला आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटी वाजवायची वेळ आली. पडला ते बरेच झाले म्हणायचे! संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली तीही दोन तमिळ चित्रपटांत. मग मास्टर भगवान या मित्राने १९४२ मध्ये ‘सुखी जीवन’ दिला.

त्या काळात हिंदी गाण्याला साथ असे ती तबला, पेटी, सारंगीची. अण्णांचे कान मात्र बेनी गुडमनच्या तबकड्यांकडे लागलेले. १९४७ च्या ‘शहनाई’त रविवारच्या भेटीचे ते खट्याळ गाणे आले आणि पोराटोरांच्या तोंडी बसले. ‘समाधी’ हा १९५० चा चित्रपट आझाद हिंद सेनेवरचा, पण त्यातले गाजलेले गाणे एका लॅटिन अमेरिकन धाटणीच्या विलायती चालीवरून उचललेले. उसनवारी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पुढच्याच वर्षी ‘अलबेला’ आला. त्यात बोंगो आणि ट्रम्पेटवर भगवानदादा नाचले आणि त्याच चित्रपटात अण्णांनी एक अंगाईही दिली, थेट आपल्या माजघरातली.

पण हा बाज एकट्या अण्णांचा नव्हता. त्यांच्या पेटीवरची चाल ऐकून व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांचे वेगवेगळे कागद तयार करणारे हात गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून ही मुले पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकत. पुढे मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ आणि दिवसा स्टुडिओत फिल्मी गाणे, असा त्यांचा दिनक्रम. दारूबंदी आली, रात्रीचे जलसे रोडावले आणि स्टुडिओचाच आधार उरला. त्यांतला बिनीचा वादक चिक चॉकलेट. खरे नाव अँटोनिओ झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. लुई आर्मस्ट्राँगचा हा भक्त ताजमहाल हॉटेलात वाजवी आणि अण्णांना वाद्यमेळ रचायला मदत करी. ‘अलबेला’त तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. ‘ईना मीना’च्या बोलांत नको म्हणणारे कोकणी शब्द आहेत, ते जॉन गोम्स या गोवेकर साहाय्यकाने घातले असे सांगतात.

आम्ही बँकेतली माणसे. व्हाउचरवर सही साहेबाची असते, लेजर लिहिलेले असते कारकुनाने. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या वादकांपैकी बहुतेकांची नावे कधी आलीच नाहीत. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला. रसिकांना तो कळला त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आणि तरी चाल अण्णांचीच, हेही खरे. नुसती उसनवारी करणाऱ्याला १९५३ ची ‘अनारकली’ जमली नसती. तिथे सॅक्सोफोनला रजा आणि लताबाईंच्या गळ्याला सारे रान मोकळे. पुढे लताबाईंशीच बिनसले. ‘नवरंग’ गाजला, पण नंतर कामे आटत गेली. अशा पडत्या काळात, चीनच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर प्रदीपांचे ते गीत झाले. चाल अण्णांची, आवाज लताबाईंचा. तेवढ्यापुरते दोघे एकत्र आले.

नंतर मराठीत ‘घरकुल’, गदिमांचा ‘गीतगोपाल’ आणि ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र. ५ जानेवारी १९८२ रोजी अण्णा मुंबईत गेले. चौसष्ट पुरी व्हायला आठवडा उरला होता.

मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो. वर्तमानपत्रातला मृत्युलेख मी वडिलांना वाचून दाखवला. दोन्ही गाण्यांची नावे एकाच परिच्छेदात होती. त्यांनी तो परत वाचायला लावला, चष्मा पुसला आणि काही न बोलता चहा मागितला. पुढे वरात आली की ते खिडकीचे एकच दार लावीत.