आकाशवाणीच्या संकेतधुनेचे रचनाकार : वाल्टर कॉफमन

पहाटेची वंदना आटोपून रांगेने बाहेर पडावे आणि रेडिओवर तानपुऱ्याच्या झंकारासोबत व्हायोलिनचे सूर कानी यावेत, हा अनुभव आमच्या पिढीतील वसतिगृहवासीयांना नवा नाही. मग निवेदकाचा आवाज येई आणि दिवस सुरू होई. शिवरंजनी रागाची छाया असलेली ती धून ज्यांची म्हणून ओळखली जाते, ते वाल्टर कॉफमन एक परदेशी, परागंदा ज्यू पियानोवादक होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाद येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध तयार केला. परंतु आपले प्राध्यापक तेथील नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत, असे समजताच त्यांनी ती पदवीच नाकारली. पदवीचे मोल काय असते, हे आपल्या समाजाला सांगावयास नको. म्हणूनच ती नाकारणाऱ्या या तरुणाविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो.

१९३४ साली ते मुंबईस आले. भारतच का निवडला, याचे कारणही ते आडपडदा न ठेवता सांगत : येथे येण्याचा परवाना सहज मिळाला. मुंबईत त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी होणाऱ्या तिच्या मैफलींत ते स्वतः पियानो वाजवीत. व्हायोलिनवर मेहली मेहता असत, तर चेलोवर एडिगिओ वेर्गा. मेहता हे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहता यांचे वडील. १९३७ पासून सुमारे नऊ वर्षे कॉफमन यांनी मुंबई नभोवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले.

त्यांच्या चरित्रातील खरा प्रसंग मात्र याहून साधा आहे. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या, तेव्हा त्यांना ते संगीत अगदीच परके व अनाकलनीय वाटले. युरोपातील उत्तम गुरूंकडे शिकलेला माणूस. त्याने नाक मुरडून तबकड्या बाजूला ठेवल्या असत्या, तर कोणी त्यास दोष दिला नसता. कॉफमन यांनी वेगळा विचार केला. लाखो माणसे ज्या संगीतावर जीव लावतात, ते अंतःकरणातून आणि बुद्धीतून आलेले असणारच. मग उणीव संगीतात नसून आपल्या कानांत आहे. असा निष्कर्ष काढून ते पुन्हा विद्यार्थी झाले.

हा विद्यार्थी रागांच्या अभ्यासावरच थांबला नाही. गोंड आणि बैगा लोकांच्या गीतांवर त्यांनी १९४१ मध्ये लेख प्रसिद्ध केला. पुढे बस्तरमधील पहाडी माडिया व मुरिया गोंडांची गाणी आणि वाद्ये यांवरही त्यांनी लिहिले. भंडाऱ्याच्या वाचकांस ही नावे परकी नाहीत. गोंडवनाचाच हा पट्टा आहे. या माणसांच्या गाण्याला संगीत म्हणावे, ते स्वरलिपीत उतरवावे, असे आपल्याकडील कित्येक सुशिक्षितांच्या मनातही येत नव्हते, त्या काळातील ही गोष्ट.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडास गेले व १९४८ पासून विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले. १९५७ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले आणि दोन दशके त्यांनी तेथे अध्यापन केले. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली निघाला, दक्षिणेकडील रागांवरील १९७६ साली. या दोहोंच्या दरम्यान, १९७५ मध्ये, त्यांनी एक ग्रंथ तिबेटी बौद्ध पठणावर लिहिला. काग्यू आणि साक्य या पंथांच्या भिक्षूंच्या गीतपोथीत चढउतारांच्या वक्ररेषांनी नोंदलेले स्वर त्यांनी त्यात उलगडून दाखविले आहेत. आमच्या मते शाळेच्या ग्रंथालयात तो असावयास हवा.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही आपल्याकडे आकाशवाणीची सकाळ त्याच धुनेने उजाडली होती.