आकाशातील पाषाणांचा वकील

उन्हाळ्यात अंगणात निजणाऱ्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मंडळींस तारा तुटताना पाहणे नवे नाही. क्वचित मात्र सारे रान क्षणभर उजळून टाकणारा अग्निगोल दृष्टीस पडतो. तो कोठून येतो, ह्याचे उत्तर ज्याने पुराव्यानिशी जगापुढे मांडले, त्या अर्न्स्ट क्लाड्नी ह्या जर्मन पंडिताचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

क्लाड्नीचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी विटेनबर्ग येथे झाला. मार्टिन ल्यूथरमुळे हे नगर आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. वडील कायद्याचे प्राध्यापक व स्वभावाने करडे. त्यांच्या आग्रहास्तव मुलाने कायद्याचे अध्ययन पुरे केले. परंतु १७८२ मध्ये ते निवर्तल्यावर तो आपल्या आवडीच्या पदार्थविज्ञानाकडे वळला. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला असता वाळूच्या सुबक आकृती उमटतात, हे त्याने १७८७ मध्ये प्रसिद्ध केले. कायमची नोकरी अशी त्यास मिळाली नाही. गावोगाव हे प्रयोग दाखवून तो निर्वाह करी.

अशाच प्रवासात १७९३ मध्ये गॉटिंगेन येथे लिख्टेनबेर्ग ह्या शास्त्रज्ञाशी त्याची अग्निगोलांविषयी चर्चा झाली. त्यानंतर सुमारे तीन आठवडे क्लाड्नी तेथील ग्रंथालयात जुने वृत्तांत चाळीत बसला. नावडता कायदा येथे कामास आला, असे आम्हांस वाटते. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या शतकांतील, एकमेकांचे नावही न ऐकलेले शेतकरी व पाद्री एकच हकीकत सांगतात : आधी प्रकाश, मग गडगडाट, मग दगड. इतके साक्षीदार एकच खोटे कसे रचतील? शिवाय अग्निगोलाचा वेग एवढा प्रचंड, की तो पृथ्वीबाहेरूनच आला पाहिजे.

१७९४ मध्ये हे मत त्याने एका लहानशा पुस्तकात मांडले. आकाशातून दगड पडतात ही अडाण्यांची कल्पना, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. त्यांनी क्लाड्नीची थट्टा केली. वाळूच्या प्रयोगांनी मिळविलेला लौकिक त्याने पणास लावला होता.

परंतु पुढे साक्ष आकाशानेच दिली, आणि तीत आपल्या देशाचाही भाग आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री काशीजवळ मोठा अग्निगोल दिसून दगड पडले. हॉवर्ड ह्या इंग्रज रसायनज्ञाने १८०२ मध्ये ते व इतर ठिकाणचे दगड तपासले, तेव्हा त्यांतील लोखंडात निकेल सापडले. १८०३ मध्ये फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा पाऊस पडला व बिओ ह्या शास्त्रज्ञाने जागेवर चौकशी केली, तेव्हा वाद बहुतांशी मिटला.

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे दगड पडले, तेव्हा ते कोठून आले ह्याविषयी विद्वानांत तंटा उरला नव्हता. तथापि आकाशातील प्रत्येक ज्योत उल्का नसते, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे. २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी विदर्भात दिसलेली ज्वालांची रांग संथपणे सरकत होती. खरा अग्निगोल बहुधा काही क्षणांतच विझतो. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष होते, आणि त्यांतील एक मोठे कडे आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी येथे पडले.

१८०९ मध्ये क्लाड्नीने नेपोलियनसमोर प्रयोग करून सहा हजार फ्रँकचे साहाय्य मिळविले. ३ एप्रिल १८२७ रोजी ब्रेस्लाउ येथे त्याचे देहावसान झाले. आयुष्यभर जमविलेले उल्कापाषाण त्याने बर्लिनच्या विद्यापीठास देऊन ठेविले होते.